फळ्यांखालचे पाणी

मित्रांनो, सोलापूर म्हटले की लोकांना गिरण्यांचे भोंगे आठवतात, कडक ऊन आठवते, काळी भुई आठवते. होडी कोणालाच आठवत नाही. पण मी एक जुनी होडी आहे, शिडाची आहे, आणि सोलापूरचीच आहे. शहराच्या उत्तरेला हिप्परग्याचा मोठा तलाव आहे. माझे सगळे आयुष्य त्या पाण्यावर गेले.

माझा जन्म तलावाच्या पैलकाठी एका कडुलिंबाखाली झाला. मला घडवणारे मल्लप्पा सुतार अक्कलकोटकडचे. घरी ते कानडी बोलत आणि कामावर मराठी. त्यांना तात्याबा कोळ्याने बोलावून आणले होते. तात्याबा तलावात जाळे टाकून पोट भरत असे, पण त्याच्या मनात एक गोष्ट घोळत होती. पैलकाठच्या वस्तीतल्या लोकांना दूध, भाजी, कोंबड्या घेऊन शहराच्या बाजूला जायचे तर तलावाला मोठा वळसा पडे. दूध वाटेतच नासे. तलावावर बहुधा पश्चिमेचा वारा असतो. तो बाजूने शिडात भरला की होडी जाताना चालते आणि येतानाही चालते. अशी एक होडी आपल्याजवळ असावी, असे तात्याबाला वाटे.

बाभळीच्या फासळ्या, सागाच्या फळ्या, फटींत तेलात भिजवून ठासलेला कापूस आणि त्यावर राळ, असे माझे अंग तयार झाले. शिडासाठी सोलापूरच्या गिरणीतले जाडेभरडे कापड आले. तात्याबाची बायको अंबुबाई हिने ते दुहेरी शिवणीने जोडले. सुई आत जाईना, तेव्हा ती दगडाने ठोकून आत घालत होती, हे मला अजून आठवते.

फासळ्या बसवून झाल्यावर मल्लप्पांनी एक काम केले. प्रत्येक फासळीच्या अगदी तळाशी, कण्याला, म्हणजे तळाच्या मधल्या लाकडाला लागून, दोन्ही अंगांना बोट जाईल एवढे भोक पाडले. तात्याबा कळवळला.

"अवं मल्लप्पा, चांगल्या फासळीला भोकं कशाला पाडताय? अशानं ती दुबळी व्हईल की!"

मल्लप्पा हातातले काम न थांबवता म्हणाले, "तात्याबा, होडीत नीरू येनारच. लाटेचं येतंय, आभाळाचं येतंय, मानसाच्या पायाबरोबर येतंय. पाणी न येनारी होडी मी काय, माझ्या बापानं बी केली न्हाय. आलेल्या नीराला जायाला वाट पायजे. दोन फासळ्यांच्या मधी एक खण होतो. त्या खणात ते अडकलं की लाकूड खातंय."

अंबुबाई शिडाला टाके घालता घालता ऐकत होती. "मंग ह्या भोकांतनं ते जातंय कुटं?" तिने विचारले.

"मागं. सुकाणूजवळचा खण समद्यात खोल ठेवलाय. समदं पाणी तितं गोळा होईल. तितनं उपसायचं."

मित्रांनो, माझ्या अंगातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ती भोके होती. शीड लांबून दिसते, डोलकाठी त्याहून लांबून दिसते. भोके मात्र कोणाला दिसत नाहीत.

माझे सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. सकाळी ऊन कोवळे असतानाच माणसे काठावर जमत. रावजी गवळी दुधाच्या घागरी घेऊन येई. बायका भाजीच्या पाट्या घेऊन येत. मायाक्का नावाची धनगरीण कधी लोकरीचे गाठोडे घेऊन, कधी दोन-चार मेंढरे घेऊन पलीकडे जाई. तिचा नवरा रानोमाळ कळपामागे असे. विक्रीचे सगळे तीच बघे. वारा अनुकूल असला की मी अशी सुळकन जाई, की रावजी म्हणे, "दुधाला अजून धारेची ऊब हाय, आन् आलो बी!" अशी स्तुती ऐकली की माझ्या फळ्या फुगून येत. पाण्याने फुगत असतील म्हणा, पण मला ते स्तुतीनेच वाटे.

माणसे चढायच्या आधी अंबुबाई माझ्यात उतरे. मागच्या खणातले पाणी पत्र्याच्या डब्याने उपसून काढी. मग वाकून प्रत्येक भोकात काडी फिरवी, गाळ काढी, ओल्या फडक्याने खण पुसून घेई. माझ्या पोटात तेव्हा मोकळ्या फळ्या नुसत्या आडव्या टाकलेल्या होत्या. त्या तिला सहज उचलता येत.

पण लोकांना त्या फळ्यांच्या फटींतून खालचे पाणी दिसे. बायकांच्या लुगड्यांचे काठ भिजत. कोणी नवखा चढला की घाबरून म्हणे, "तात्याबा, होडीत पानी दिसतंय की! बुडवतोस का काय आमाला?" तात्याबा हसण्यावारी नेई, पण ते त्याच्या मनाला लागे. स्वतःच्या होडीत लोकांनी पाणी बघावे, याची त्याला लाज वाटे.

अशात एके सकाळी उपसता उपसता अंबुबाईची कंबर धरली. ती तशीच माझ्या काठाला धरून उभी राहिली. तिला सरळही होता येईना आणि बसताही येईना. तात्याबाने तिला उचलून घरी नेले. मोहरीचे तेल चोळले, विटेचा शेक दिला. पुढे ती बरी झाली, पण वाकली की चेहरा कसानुसा करी. तात्याबा ते बघे. तो फार बोलणारा माणूस नव्हता. एके दिवशी ती माहेरी गेली असताना त्याने शहरातून देवदाराच्या एकसारख्या फळ्या आणल्या आणि माझ्या फासळ्यांवर एकीला एक भिडवून खिळे ठोकून टाकल्या. वर लाल रंग दिला. फक्त सुकाणूजवळचा उपसायचा खण तेवढा उघडा ठेवला.

अंबुबाई परत आली आणि बघतच राहिली.

"ह्ये काय क्येलंत?"

"आता तुला वाकायला नगं. येक मागचा खण तेवढा बगायचा."

"आन् पुढची भोकं? ती कोन साफ करनार?"

"पानी आपलं आपन जातंय की मागं. त्याला वाट ठिवलीया मल्लप्पानं."

"वाट ठिवलीया, पर वाटंवरचा गाळ कोन काढनार?"

तात्याबा जाळे घेऊन निघून गेला. अंबुबाईने लाल फळीवरून हात फिरवला. नवऱ्याने हे कोणासाठी केले ते तिला कळत होते. म्हणून तिने पुढे ताणले नाही.

लोक मात्र खूश झाले. "आता कशी राजाच्या वाड्यावानी झाली होडी! पान्याचा थेंब दिसत न्हाय," असे जो तो म्हणू लागला. बायका चांगली लुगडी नेसून बसू लागल्या. मीसुद्धा त्या लाल रंगाने सुखावले, हे खोटे कशाला बोलू?

पण हळूहळू मला आतून बरे वाटेनासे झाले. मेंढरांच्या अंगची लोकर, भाजीचा पाला, कडब्याचा भुसा आणि पायांची माती फटींतून खाली झिरपत होती. भोकाजवळ जाऊन साचत होती. पहिले भोक तुंबले, मग दुसरे. पुढच्या खणांत पाणी अडले आणि तिथेच राहिले. त्याला वास येऊ लागला. माझे पुढचे टोक जड झाले. वाऱ्याबरोबर वळताना मी पूर्वीसारखी वळेना. लाट आली की तिच्यावर चढायचे सोडून तिच्यात तोंड घालू लागले.

आणि गंमत अशी, की मागचा खण रोज कोरडा मिळे. तात्याबा आनंदाने म्हणे, "बगितलंस? पानीच येत न्हाय आता."

अंबुबाई कोरड्या खणाकडे बघत म्हणाली, "येत न्हाय, का दिसत न्हाय?"

मला वाचा असती तर मी सांगितले असते. पण लाकडाने बोलायचे कसे? मी जड होऊन, हळू चालून सांगत होते. ते कोणाला कळत नव्हते.

मग तो आषाढातला दिवस आला. आभाळ भरून आले होते, पण पाऊस नव्हता. नुसता वारा होता. बाजाराचा दिवस म्हणून माझ्यात नेहमीपेक्षा जास्त माणसे होती. रावजी घागरी घेऊन होता. मायाक्का दोन कोकरे आणि आपली लांब दांड्याची कुऱ्हाड घेऊन होती. शेळ्यांना पाला तोडायला ती कुऱ्हाड नेहमी तिच्या खांद्यावर असे. अंबुबाईलाही शहरात लेकीकडे जायचे होते. मुक्ताबाई ही त्यांची एकुलती एक लेक. तिचा नवरा गिरणीत कामाला होता.

तलावाच्या मध्यावर गेलो आणि वाऱ्याचा एक झपाटा आला. मी एका अंगाला कलले. त्यात नवे काही नव्हते. झपाटा आला की मी कलते आणि तो गेला की उठते. होडीचा तो स्वभावच आहे. त्या दिवशी झपाटा गेला, पण मला उठता येईना. फळ्यांखालचे सगळे पाणी धावत त्याच अंगाला आले होते आणि तिथेच दाबून बसले होते. माझा काठ तलावाच्या पाण्याला टेकला. बाहेरचे पाणीही आत येऊ लागले.

तात्याबाने शिडाची दोरी सोडून दिली. शीड फडफडले, तरी मी आडवीच. बायका किंचाळल्या आणि दुसऱ्या बाजूला धावायला उठल्या.

"बसा समदी! खालीच बसा! कुनी हलू नगा!" अंबुबाई ओरडली. तिचा आवाज इतका मोठा असेल, असे मला कधी वाटले नव्हते. ती गुडघ्यांवर फळीला कान लावून बसली. आत पाणी डचमळत होते. ती मायाक्काकडे वळली. "मायाक्का, ती कुऱ्हाड हान हितं. फळी उपट!"

"रंगीत फळी हाय गं बाई..."

"हान म्हंते ना!"

मायाक्काने कुऱ्हाडीचे पाते दोन फळ्यांच्या सांध्यात घातले आणि अंगाचा भार दिला. खिळे करकरत निघाले. पहिली फळी उचकटली, मग दुसरी. खालून काळे, घाण वासाचे पाणी वर आले. तात्याबा सुकाणू धरून उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

अंबुबाईने खांद्यापर्यंत हात आत घातला. फासळी चाचपली, भोक चाचपले. तिने ओढून काढला तो लोकरीचा आणि भुशाचा गच्च बोळा होता. भोक मोकळे झाले. गुडगुड आवाज करत पाणी मागे निघाले. ती पुढच्या फासळीकडे सरकली. कंबर दुखत असणार, पण ती थांबली नाही.

मागचा खण भरभर भरू लागला. पत्र्याचा डबा त्याला पुरेना. रावजीने एकदा घागरीकडे बघितले, एकदा अंबुबाईकडे बघितले आणि दूध तलावात ओतून दिले. पाण्यावर एक पांढरा पट्टा उमटला आणि लांबत गेला. मग तो त्याच घागरीने पाणी उपसू लागला. बायकांनी पाट्यांतली भाजी टाकून दिली, पण जागची एकही हलली नाही.

थोडे थोडे करून माझा काठ वर आला. मी श्वास घेतला, असेच म्हणते. तात्याबाने शीड अर्धेच ओढले आणि आम्ही काठाच्या चिखलात जाऊन रुतलो. माणसे सगळी वाचली. मायाक्काचे एक कोकरू मात्र गर्दीत पाण्यात पडले होते. ते मिळाले नाही.

लोक उतरून गेले. तात्याबा चिखलात बसून राहिला. अंबुबाई त्याच्याजवळ गेली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोलवटले होते.

"तुजी कंबर वाचावी म्हून मारलं खिळं," तो म्हणाला. "दुसरं काय बी मनात नव्हतं."

"मला ठावं हाय."

"मंग तवाच का न्हाय भांडलीस?"

"तुमी मायेनं क्येलं व्हतं. मायेशी कसं भांडावं मानसानं?" ती त्याच्याशेजारी चिखलात बसली. "पर झाकल्यानं काम सरत न्हाय. ते खाली साचत ऱ्हातंय."

त्यानंतर कितीतरी दिवस माझ्यात कोणी चढले नाही. माणसे पुन्हा वळसा घालून जाऊ लागली. मी काठावर पडून त्यांच्या गाड्यांची खडखड ऐकत असे.

तात्याबा अक्कलकोटकडे जाऊन मल्लप्पांना घेऊन आला. ते आता खूप म्हातारे झाले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी बोटाच्या पेराने माझी एकेक फळी वाजवून बघितली. पुढच्या टोकाला पेर रुतले. तिथले लाकूड भिजलेल्या भाकरीसारखे झाले होते. त्यांनी ते कापून काढले, नवे बसवले. मग वरच्या फळ्यांचे लहान लहान तुकडे केले. प्रत्येक तुकड्याला बोट घालून उचलता येईल असे छिद्र ठेवले. खिळा एकही मारला नाही. मागच्या खणाच्या तळाला एक भोक पाडून त्याला लाकडी बूच बसवले. "काठावर ओढली की हे काढून ठिवायचं," ते म्हणाले. "जिमिनीवर तिच्या पोटात पाणी कशाला?"

एवढ्यात मायाक्का आली. तिच्या हातात शेळीच्या केसांची लांब, काळी दोरी होती. ती तिने स्वतः वळली होती. "ही पान्यात कुजत न्हाय," ती म्हणाली. "ह्या टोकापासनं त्या टोकापतूर समद्या भोकांतनं ओवून ठिवा. रोज पुढनं-मागनं वढली की गाळ आपसूक निघतोय. अंबुबाईला वाकायलाच नगं."

तात्याबाने मान खाली घातली. "तुजं कोकरू गेलं, आन् तूच..."

"कोकरू गेलं, तर परत व्हईल. मला पलीकडं जायाला होडी पायजे."

आणि पहिली चढली तीही तीच. दुसऱ्या दिवशी रावजी आला. चढायच्या आधी त्याने एक फळी उचलून खाली बघितले. तात्याबाचे कान लाल झाले. पण तो रागावला नाही. त्याने स्वतः पुढची फळी उचलली आणि म्हणाला, "हितं बी बगा." पुढे ती रीतच पडली. रोज निघताना तात्याबा फळ्या उचलून दाखवी, दोरी ओढून दाखवी. तळाशी थोडे पाणी असेच. त्याची आता कोणाला भीती वाटत नसे.

बरीच वर्षे अशी गेली. मग तात्याबाला खोकला लागला. त्या पावसाळ्यात मला काठावर ओढून ठेवले आणि बूच काढायचे राहून गेले. दोष कोणाला देऊ? घरात माणूस झिजत असताना काठावरच्या होडीची आठवण कोणाला राहणार? पावसाचे पाणी माझ्यात भरत राहिले. हिरवे शेवाळ धरले, डास झाले. राळ सुटू लागली. मी आत पाणी घेऊन आभाळाकडे बघत पडून होते. तात्याबा गेला, हे मला वस्तीतल्या रडण्याने कळले.

कितीतरी दिवसांनी अंबुबाई काठावर आली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हते. मला तशी तुडुंब भरलेली बघून ती थबकली. मग खाली वाकली, मागच्या बाजूला हात घालून बूच ओढले. पाण्याची जाड धार चिखलात पडू लागली. अंबुबाई जवळच मटकन बसली आणि रडू लागली. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती, असे बायका म्हणत. माझे पाणी निघायला बराच वेळ लागला. तोवर ती रडत होती. पाणी संपले, तेव्हा तिने पदराने तोंड पुसले आणि खराटा आणायला घरी गेली.

त्यानंतर सुकाणू तिने हातात घेतले. बाई होडी चालवते म्हणून आधी लोक हसले, मग सवय झाली. हात थकले, तेव्हा तिने आपला भाचा गुंडा याला बोलावून घेतले. तो पन्नाशीचा, मोजके बोलणारा माणूस होता. तिने त्याला शीड शिकवले नाही. ते त्याला येत होते. तिने त्याला फक्त फळ्या उचलायला शिकवले.

मुक्ताबाई आईला कायमची शहरात घेऊन जायला आली, तो दिवस मी विसरणार नाही. हिवाळ्याची सकाळ होती आणि वारा मंद होता. अंबुबाई गाठोडे घेऊन चढली आणि सवयीने सुकाणूजवळ जाऊन बसली. गुंडा संकोचून उभा राहिला.

"आत्या, आज तुमी पुढं बसा. हितं मी हाय."

ती उठून पुढच्या टोकाला जाऊन बसली. इतकी वर्षे होडीत घालवली, पण तिची नजर कधी फळ्यांखाली असे, कधी शिडावर. आज तिला काहीच बघायचे नव्हते. समोरचा काठ हळूहळू जवळ येत होता. कोवळ्या उन्हात बाभळी चमकत होत्या, पाणकोंबड्या पळत होत्या, आणि दूर गिरण्यांची धुराडी दिसत होती.

"मुक्ते," ती लेकीला म्हणाली, "लई चांगलं दिसतंय की गं हितनं. लोक मला सांगायची, पर मी कवा बगितलंच न्हाय."

"मंग आता बग की, आये."

अंबुबाई काठ लागेपर्यंत बघत राहिली. उतरताना तिने माझ्या काठावर हात ठेवला. मग दोघी मायलेकी बांधावरून शहराकडे निघून गेल्या.

मित्रांनो, मी अजून चालते आहे. तुमच्याही घरात, शेतात, शाळेत माझ्यासारख्या पुष्कळ वस्तू असतील. त्यांना रंग द्या, शोभा आणा. मला राग नाही. पण एक मागणे आहे. रोज एकदा त्यांची फळी उचलून खाली बघा. तिथे थोडे पाणी असेल, थोडा गाळ असेल. त्याला लाजू नका आणि त्यावर खिळे ठोकू नका. हात घाला आणि वाट मोकळी करा. तुमच्या घरातले एखादे माणूस रोज वाकून हे काम गुपचूप करत असेल. एक दिवस त्याच्या हातातला डबा तुम्ही घ्या आणि त्याला पुढच्या टोकाला नेऊन बसवा.

गुंडाने शीड उभारले आहे. वारा चांगला आहे. मला निघायला हवे.